आवाज बाहेरच्यांना, घुमारा आतल्यांना

फ्री-फ्लो सायलेन्सर बसवलेल्या गाडीचा आवाज रस्त्याकडेला उभं राहून ऐकावा. आत बसणाऱ्याच्या वाट्याला येतो तो आवाज निराळा. हे आधी कुणी सांगत नाही, कारण सांगणारा बहुतेक वेळा गॅरेजसमोर उभा असतो आणि गाडी जागेवर रेस होत असते. दहा सेकंदांचा तो कार्यक्रम झकास होतो, आसपासची पोरं मोबाइल काढतात, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं. गाडी प्रत्यक्षात वापरायची असते पाचव्या गिअरवर, काचा वर करून, तास-दोन तास. तिथे तो गुरगुराट शिल्लक राहत नाही. उरतो नुसता घुमारा, शेजारच्या खोलीत पिठाची गिरणी चालू असावी तसा.

माझ्याकडे अशी गाडी आयती आली. बाराशे सीसीची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, कोल्हापूर पासिंग. विकणारा पोरगा पंचविशीतला, नोकरीसाठी परदेशी निघालेला. टायर नवे, इंजिन कोरडंठाक, सीटकव्हरसुद्धा न उसवलेली. मागे बंपरखालून तीन इंची चकचकीत टीप बाहेर आलेली. "काका, सायलेन्सरचं काम एकदम भारी केलंय, पण ते मी किमतीत धरतच नाही," असं त्यानं मोठ्या मनानं सांगितलं. चावी फिरवली आणि गाडीनं जो आवाज दिला तो मला आवडला. स्टिअरिंग हातात असताना गाडी बोलावी असं वाटण्यात काही वावगं नाही. पुढचं वाचून कुणी मला आवाजाचा वैरी समजू नये. मी वैरी आहे तो अर्धवट कापाकापीचा.

आधी ही नळी असते कशी ते बघू. आपल्याकडे इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत सगळ्यालाच सायलेन्सर म्हणायची पद्धत, पण त्यात पाच-सहा वेगवेगळी माणसं कामाला असतात. इंजिनाला चिकटून मॅनिफोल्ड, त्याला लागून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कॅटकॉन. त्याच्या पुढे एक आणि मागे एक ऑक्सिजन सेन्सर. मग जाळीचा लवचीक तुकडा, इंजिनाचे धक्के पुढच्या नळीला लागू नयेत म्हणून. गाडीच्या पोटाखाली मधोमध एक लहान डबा, तो रेझोनेटर. शेवटी मागच्या चाकापाशी मोठा डबा, तो मफलर, आणि त्याचं तोंड म्हणजे टीप. आवाज वाढवायचा म्हटलं की कुणी नुसती टीप बदलतो, कुणी मफलर, कुणी रेझोनेटर उडवतो, आणि हौस फार झाली की कॅटकॉनही. मागून पुढे जितकं इंजिनाच्या जवळ जाल तितका खर्च, धोका आणि गुन्हा वाढत जातो.

माझ्या गाडीत यातलं काय काय उडवलंय हे मला एकदम कळलं नाही. गाडीनंच एकेक करून सांगितलं.

पहिली बातमी महामार्गावर मिळाली. कोल्हापूरहून पुण्याला निघालो, किणी टोलनाका मागे टाकला आणि गाडी शंभरला स्थिरावली. दहा मिनिटांत घरच्यांचं बोलणं बंद झालं. भांडण नव्हतं, ऐकूच येत नव्हतं. "अहो, गाणी तरी बंद करा नाहीतर गाडी तरी," एवढंच बायको म्हणाली. ऐंशीवर घुमारा कमी, एकशेवीसवर कमी, आणि नेमका शंभरच्या आसपास असह्य. याचं गणित सोपं आहे. चार स्ट्रोकच्या चार सिलिंडर इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास, म्हणजे सेकंदाला शंभर स्फोट. शंभर हर्ट्झचा हा खर्ज हॅचबॅकच्या बंद पत्र्याच्या पेटीत चांगलाच घुमतो. छत, मागचं दार, सीटखालचा पत्रा, सगळं त्याच्या सुरात सूर मिसळतं. माझी गाडी पाचव्या गिअरवर शंभरला नेमके तीन हजारांच्या आसपास फेरे घेते. कंपनीनं मधला रेझोनेटर ठेवला होता तो याच पट्ट्यातला आवाज खाण्यासाठी. तो कापून तिथे सरळ नळी जोडलेली होती.

यावर इलाज नसतो असं नाही. नळीला एक बंद तोंडाची आडवी शाखा काढली आणि तिची लांबी त्या आवाजाच्या तरंगलांबीच्या चौथाईइतकी ठेवली, तर तो एक सूर कापला जातो. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या घरात धरला तर शंभर हर्ट्झसाठी ही शाखा सव्वा मीटर लागते. एवढी लांब नळी गाडीखाली बसवायची कुठे, आणि हा हिशेब करतो कोण? चांगले कारागीर करतात. पण "फुल सिस्टीम, तासाभरात काम" अशी पाटी लावलेल्या ठिकाणी त्याची अपेक्षा धरू नये.

दुसरी बातमी कॉलनीतून. मला सकाळी लवकर कॉलेजवर जावं लागतं. सहाच्या आत गाडी काढली की आधी कुत्री उठायची, मग समोरच्या बंगल्यातल्या गाडीचा अलार्म वाजायचा. थंड इंजिन पहिली दोन मिनिटं जास्त फेऱ्यांवर चालतं, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज नेमका लोक साखरझोपेत असताना. समोरचे आबा गेटपाशी दूध घ्यायला उभे असायचे. एकदा म्हणाले, "सर, तुम्ही कॉलेजला गेल्याचं आता घड्याळ बघून कळायची गरज न्हाई." ते हसून म्हणाले, पण कोल्हापुरात हसून बोललेलं मनावर घ्यायचं असतं. खर्जाचा आवाज भिंती आणि बंद खिडक्या सहज पार करतो. कर्कश हॉर्नपेक्षा घरात जास्त शिरतो तो हाच.

इथे डेसिबलचा हिशेब डोक्यात ठेवावा. आपल्या देशात नव्या प्रवासी कारला कारखान्यातून बाहेर पडताना ७४ डेसिबलची मर्यादा आहे, साडेसात मीटरवरून गाडी पुढे जाताना मोजलेली. कुणी म्हणेल, माझी चौऱ्याऐंशी निघाली, दहानं काय बिघडतं? डेसिबल रुपयांसारखे मोजत नाहीत. दहा वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली, आणि कानाला साधारण दुप्पट आवाज वाटतो.

तिसरी बातमी आली ती पीयूसी केंद्रावर. नळी मागे खुपसली, इंजिन आयडलला, आणि ऑपरेटर पडद्याकडे बघत राहिला. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमपर्यंत चालतात. माझ्या गाडीचा मोनॉक्साइड एक टक्क्याला टेकला होता. "सर, हिच्यात कॅटकॉन आहे न्हवं?" त्यानं विचारलं. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा तर लागत नव्हता. मग काय भानगड?

उद्यमनगरात माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. ज्या उद्यमनगरानं एकेकाळी अख्ख्या महाराष्ट्राच्या विहिरींवर तेलाची इंजिनं बसवली, त्याच गल्ल्यांत आता गाड्यांचं काम चालतं, आणि तिथला जुना मिस्त्री आवाजावरून रोग सांगतो. त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली ती थंड असताना. आधी काही उघडलं नाही. एक जाड फडकं घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "टीपवर दाबून धरा, मी चालू करतो." मागचं तोंड बंद झाल्यावर धूर दुसरी वाट शोधतो. गाडीच्या पोटाखालून फुस्स असा बारीक आवाज सुरू झाला, दोन ठिकाणांहून. मिस्त्रींनी साबणाचं पाणी ब्रशनं लावलं आणि जोडावर बुडबुडे फुगायला लागले. पहिली गळती फ्लँजच्या पॅकिंगपाशी, तिथून काळा ओघळ मागे गेलेला. दुसरी वेल्डिंगमध्येच, मागच्या सीटच्या बरोबर खाली.

मग त्यांनी रबरी हातोडा घेतला आणि कॅटकॉनच्या डब्यावर ठोकला. चांगल्या कॅटकॉनच्या आत मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचा सिरॅमिकचा ठोकळा असतो, त्यामुळे ठोकल्यावर आवाज भरीव येतो; ठोकळा फुटला असेल तर आत खुळखुळतं. इथे आवाज आला तो रिकाम्या पिंपाचा. डब्याच्या कडेनं कापून पुन्हा जोडल्याची वेल्डिंगची रेघ होती, वरून काळा रंग मारलेला. "सर, ह्यो कॅटकॉन न्हाई, नुसता डबा हाय. आतला माल गेला कवाच." मागचा ऑक्सिजन सेन्सर त्यांनी सोडवला तर त्याच्या खाली एक पितळी नळकांडं निघालं. स्पेसर म्हणतात त्याला. सेन्सर धुरापासून थोडा लांब धरायचा, म्हणजे कॅटकॉन नीट काम करतोय असा ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा, समज होतो आणि दिवा लागत नाही. चोरी झालेल्या घरात खिडकीवर बाहुलं उभं करण्याची ही तऱ्हा.

आतला माल गेला कुठे, हा प्रश्न साधा नाही. त्या सिरॅमिकवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा मुलामा असतो. ते धातू विषारी कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतात, न जळलेलं पेट्रोल जाळतात, नायट्रोजनची ऑक्साइड मोडून साधा नायट्रोजन सोडतात. आणि तिन्ही धातू महागडे. त्यामुळे जुन्या कॅटकॉनला भंगारात चांगला भाव येतो. "कॅटकॉन मोकळा करून देतो, मजुरी नको," असं कुणी म्हणालं तर मजुरी त्यानं आधीच कापून घेतलेली असते. माझ्या आधीच्या मालकाला हे कळलं होतं की नाही, देव जाणे. त्याला दिवा लागत नव्हता म्हणजे सगळं ठीक वाटत असणार.

गळतीचा घोटाळा आणखी खोल होता. फ्लँजचं पॅकिंग गळत होतं ते पहिल्या सेन्सरच्या जवळ. तुम्ही म्हणाल धूर बाहेर जाईल, बिघडलं काय? पण धूर नळीतून धक्क्याधक्क्यानं जातो. दोन धक्क्यांच्या मधे नळीत क्षणभर ओढ निर्माण होते आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत येते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो जास्त सोडतो. गाडी विनाकारण श्रीमंत मिश्रणावर चालते, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं. सतराला चालणारी गाडी मला चौदा देत होती आणि मी बिचाऱ्या पंपवाल्यावर संशय घेत होतो.

मागच्या सीटखालची गळती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. गगनबावड्याकडे गेलो की मागे बसलेल्या आईचं डोकं दुखायचं, मळमळायचं. आम्ही खापर घाटाच्या वळणांवर फोडायचो. त्याचं कारण हा धूरच होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, वळणंही कमी नाहीत. पण मिस्त्रींनी तळाच्या पत्र्यातलं एक रबरी बूच गायब असल्याचं दाखवलं, बरोबर त्या फुटक्या वेल्डिंगच्या वर. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, सुस्ती हीच त्याची लक्षणं, आणि ती प्रवासाच्या थकव्यासारखीच दिसतात. त्यात कॅटकॉन नसलेल्या गाडीच्या धुरात हा वायू कितीतरी जास्त. अशी गाडी चालू ठेवून एसी लावून आत झोपणं किंवा बंद गॅरेजमध्ये रेस करत बसणं हा जिवाशी खेळ आहे. ज्याच्या गाडीखाली वेल्डिंग झालंय त्यानं वर्षातून एकदा तरी फडक्याची ती परीक्षा करून घ्यावी. इंजिन थंड असताना, एवढंच सांभाळायचं.

रॅम्पवर बाकीचीही वरात निघाली. टीपजवळचं बंपरचं प्लास्टिक उष्णतेनं मऊ पडून पिवळसर झालेलं. हँडब्रेकच्या केबलचं रबर भाजलेलं. नळी मूळ जागेपेक्षा खाली लोंबत असल्यानं आमच्या पेठेतल्या स्पीडब्रेकरांनी तिला जागोजाग घासलेलं. वेल्डिंग करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी लागते, नाहीतर ईसीयूला धक्का बसू शकतो. ती काळजी घेतली होती का ते कळायला मार्ग नाही. नळी साध्या लोखंडाची. थोड्या थोड्या अंतरावर गाडी चालवली की धुरातलं पाणी नळीतच साचतं, आणि साधं लोखंड आतून सडतं. कोकणात किंवा कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर बाहेरूनही. स्टेनलेसचं काम असतं तर टिकलं असतं, पण ते टिगवर वेल्ड करावं लागतं आणि महाग पडतं.

आता ताकदीबद्दल. "काका, पाच-सात हॉर्सपॉवर वाढलीय," असं मला विकणाऱ्यानं सांगितलं होतं, आणि त्यालाही कुणीतरी तेच सांगितलं असणार. टर्बो नसलेल्या बाराशे सीसीच्या इंजिनात नुसता मागचा डबा बदलून हाती जवळपास काही लागत नाही. नळी जास्त जाड केली तर उलटं होतं: धुराचा वेग मंदावतो, आणि त्या वेगाच्या ओढीनं सिलिंडर रिकामं व्हायला जी मदत होते ती खालच्या फेऱ्यांवर कमी होते. म्हणजे शहरात, जिथे आपण खरी गाडी चालवतो, तिथे जोर घटतो. मग ॲक्सिलरेटर जास्त दाबावा लागतो, आवाज आणखी येतो, आणि चालकाला वाटतं गाडी सुसाट पळतेय. कान फसवतो. टर्बो गाडीत मोकळ्या नळीचा थोडा फायदा असतो, हे खरं. पण तिथे तो आवाजापासून नाही, इंजिनाच्या सगळ्या ट्यूनिंगपासून येतो, आणि तो अर्ध्या दिवसाच्या गॅरेजचा विषय नाही.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर नळीतून फटाके वाजवणारं ट्यूनिंगही हल्ली मागितलं जातं. त्यासाठी पेट्रोल मुद्दाम नळीत जाळावं लागतं. कॅटकॉन असेल तर तो यात लवकर वितळतो, नसेल तर रस्त्यावर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या कानाशी फटाका फुटतो. याबद्दल याहून जास्त लिहायची गरज मला वाटत नाही.

कायद्याकडे लोक दंडाच्या आकड्यापुरते बघतात, आणि तो आकडा सोडून बाकी सगळं विसरतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि कलम १९० चं दुसरं पोटकलम बघा: ध्वनी आणि वायुप्रदूषणाची मानकं मोडणारी गाडी सार्वजनिक जागी जो चालवतो, त्याला पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्स अपात्र. जो चालवतो त्याला, ज्यानं कापलं त्यालाच असं नव्हे. "मी नाही केलं, आधीच्या मालकानं केलं" हे उत्तर तिथे लागू पडत नाही, हे वाचलं तेव्हा मला गाडी विकणाऱ्याचा मोठेपणा नव्यानं समजला. बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या आपण आपल्याच शहरांतून वाचल्या आहेत. कारवाल्यांना वाटतं ते दुचाकीपुरतं आहे. कायदा चाकं मोजत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचं शंभर मीटरचं शांतता क्षेत्र तर आमच्याकडे सीपीआर रुग्णालयाच्या परिसरात रोज ओलांडावं लागतं.

विम्याचाही मुद्दा आहेच. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवायचा असतो. न कळवलेला बदल, विशेषतः आगीच्या दाव्यात, आडवा येण्याची भीती असते. वॉरंटीतली गाडी असेल तर इंजिन, सेन्सर, कॅटकॉन यांचा पुढचा प्रत्येक वाद त्या कापलेल्या नळीपाशी येऊन थांबेल. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर, आणि त्यातही एप्रिल २०२३ नंतरच्यांत, गाडी स्वतःच स्वतःच्या प्रदूषण-यंत्रणेवर जास्त कडक नजर ठेवते. डिझेलवाल्यांनी कॅटकॉनच्या जागी डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, वाचावं, बाकी कथा तीच, फक्त धूर काळा.

दुरुस्तीत मिस्त्रींनी मला एक चांगला सल्ला दिला: जुन्या बाजारातला कॅटकॉन घेऊ नका. तोही आतून रिकामा असण्याची शक्यता असते आणि वरून कळत नाही. कंपनीच्याच नव्या कॅटकॉनला पाच आकडी रक्कम गेली. रेझोनेटर आणि मफलर जोडून येतात ते नवे घेतले, डोनट पॅकिंग, स्प्रिंग बोल्ट, लटकवायची रबरं बदलली, स्पेसर काढून सेन्सर मूळ जागी बसवला. सगळं मिळून खर्च त्या "भारी कामा"च्या कितीतरी पट झाला. पीयूसी पहिल्या फटक्यात पास, आणि किणीच्या पुढे बायको परत बोलायला लागली.

आता ज्यांना तरीही आवाज हवाच आहे त्यांच्याशी दोन शब्द. तुमच्या जागी मी असतो तर आधी कारखान्यातूनच जरा भारदस्त आवाज घेऊन येणारी गाडी शोधली असती. ह्युंदाईच्या आय-ट्वेंटी एन लाइनसारख्या गाड्यांत सायलेन्सर मुद्दाम वेगळा ट्यून केलेला असतो, आणि तो मर्यादेत बसवूनच मंजूर झालेला असतो. हौस दिसण्याची असेल तर बोल्टवर बसणारी टीप लावा. ती काही कापत नाही, फार काही वाढवतही नाही. खरा वेगाचा नाद असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइंबतूरला ट्रॅक आहेत. तिथे गाडी ट्रेलरवर न्यावी आणि हवी तेवढी ओरडू द्यावी.

आणि गॅरेजमध्ये गेलातच, तर जागेवर रेस केलेली गाडी ऐकून ठरवू नका. त्यांनी आधी काम केलेल्या, तुमच्याच मॉडेलच्या गाडीत मागच्या सीटवर बसा, काचा वर करा, पाचव्या गिअरवर ऐंशी ते शंभरच्या दरम्यान अर्धा तास जा. बरोबर आईवडील असतील तर उत्तम, ते खरं सांगतात. मग विचारा: रेझोनेटर राहणार का? कॅटकॉनला हात लागणार का? नळीची जाडी तीच राहणार का? कापून वेल्ड करणार की मूळ फ्लँजवर बोल्टनं बसणार? बोल्टनं बसलेलं काम एका दुपारी परत फिरतं, कापलेलं फिरत नाही. यातलं एकही उत्तर गोलमाल आलं तर चहा पिऊन निघा. आणि मर्यादेबाहेर आवाज गेला तर कितीही सुबक काम असलं तरी ते गुन्ह्यातच बसतं. टीपमध्ये झडप बसवून ती पोलीस दिसले की बंद करायची ही शक्कल कायद्यात कुठेही लिहिलेली नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी शेवटचं. गाडी थंड असतानाच बघायला जा; विकणारा "जरा गरम करून ठेवतो" म्हणाला तर नको म्हणा. चावी ऑन करा, पण स्टार्ट करू नका. त्या क्षणी चेक इंजिनचा दिवा पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. पेटलाच नाही तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय. बिघाडाचे कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर बाजारात मिळतो, तो लावा. कॅटकॉनची तपासणी "अपूर्ण" दाखवत असेल तर कोड नुकतेच पुसले असण्याची शंका घ्या आणि गाडी थोडी फिरवून पुन्हा बघा. पीयूसी जुनं दाखवलं तरी नवं तुमच्यासमोर काढायला लावा, आणि सर्टिफिकेटपेक्षा आकडे वाचा. रॅम्पवर घेऊन कॅटकॉनच्या कडेला नवा रंग किंवा वेल्डिंगची रेघ आहे का पाहा, सेन्सरखाली नळकांडं आहे का पाहा. गाडीच्या मागच्या भागात काही बदललेलं असेल तर मूळ मफलर आणि रेझोनेटर कुठे आहेत ते विचारा. "माळ्यावर आहेत" असं म्हणाला तर माळ्यावरून काढून गाडीत ठेवायला लावा, आणि मगच टोकनचे पैसे द्या.